मुकी की गैरहजर?

व्हायलमधून, म्हणजे आम्ही फळमाशा वाढवतो त्या काचेच्या छोट्या बाटलीतून, सगळ्या माद्याच निघाल्या. अठरा माशा, त्यात नर एकही नाही. भूल दिलेल्या माशा पॅडवर पसरून मी ब्रशच्या टोकाने एकेक उताणी केली, पोटाचं टोक पाहिलं, आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. नर नव्हताच. शेजारच्या मायक्रोस्कोपवर बसलेल्या सीनियरला मी हे इतक्या आनंदाने सांगितलं की त्याला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

ड्रोसोफिला म्हणजे फळमाशी. तिच्या दोन जवळच्या प्रजातींचा संकर, म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगास्टरची मादी आणि ड्रोसोफिला सिम्युलन्सचा नर असा क्रॉस लावला, तर मुली जगतात पण वांझ निघतात, आणि मुलगे मोठ्या अळीच्या अवस्थेपर्यंत येऊन कोषात जायच्या सुमारास मरतात. क्रॉस उलटा लावला, म्हणजे आई सिम्युलन्सची आणि बाप मेलॅनोगास्टरचा, तर मुलगे जगतात (तेही वांझच) आणि मुली अंड्यात असतानाच संपतात. त्यामुळे आमच्या व्हायलमध्ये नर दिसले की समजायचं, घोळ झाला: ज्या माद्या कुमारी म्हणून उचलल्या त्या आधीच आपल्या जातभाईंशी जुगलेल्या होत्या. माझ्या पहिल्या तीन व्हायलींत नर भरपूर होते. म्हणजे तीन आठवडे पाण्यात. एखाददुसरा नर खऱ्या क्रॉसमध्येही कधीकधी येतो, आईच्या अंड्यात एक्स गुणसूत्र पोचलंच नाही तर. पण त्या सबबीमागे डझनभर नर लपवता येत नाहीत.

या दोन माशा दिसायला इतक्या सारख्या की माद्यांमध्ये फरक ओळखायला अनुभवी माणसालाही घाम फुटतो. नरांच्या पोटाच्या टोकाला जननेंद्रियाजवळ एक कमान असते. सिम्युलन्समध्ये ती शिंपल्यासारखी मोठी आणि गोलसर, मेलॅनोगास्टरमध्ये आकड्यासारखी बारीक. तेवढीच काय ती खूण. आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने १९१९ मध्ये सिम्युलन्सला वेगळी प्रजाती म्हणून नाव दिलं आणि पुढच्याच वर्षी तिच्या मेलॅनोगास्टरबरोबरच्या संकरांवर लिहिलं. शंभर वर्षांत हा क्रॉस किती जणांनी लावला असेल, पण माशांना त्याचं काही सोयरसुतक नाही. त्या तुमच्यासाठी तो पुन्हा पहिल्यासारखाच अवघड करून ठेवतात.

अवघड अशासाठी की सिम्युलन्सच्या नराला मेलॅनोगास्टरची मादी आवडतच नाही. तिच्या अंगावरच्या मेणचट थरात एक रसायन असतं, ते त्याला नकोसं वाटतं. उपाय सगळे जुनेच, हातातून हातात आलेले. मादी कोवळी घ्यायची, कोषातून बाहेर पडून दोन-तीन तासही न झालेली, अंग अजून फिकट, पंख पुरते न उलगडलेले, पोटात मेकोनियमचा, म्हणजे पहिल्या विष्ठेचा, गडद ठिपका दिसणारी. नर चार-पाच दिवस एकटे ठेवलेले. माद्या थोड्या, नर दुप्पट-तिप्पट. आणि कापसाचा बोळा व्हायलमध्ये इतका खाली ढकलायचा की माशांना एकमेकांपासून लांब जायला जागाच उरू नये. वाचायला हे क्रूर वाटेल, करताना नुसतं कंटाळवाणं वाटतं. शिवाय संकरित मुलींना उष्णता सोसत नाही, म्हणून व्हायली १८ अंशाला ठेवायच्या. २५ अंशाला जी पिढी दहा दिवसांत येते तिला तिथे जवळपास दुप्पट वेळ लागतो. मी सकाळी कुमारी माशा गोळा करायची, संध्याकाळी करायची, रात्री व्हायली रिकाम्या करून जायची. स्वप्नातही पोटावरचा तो हिरवट ठिपका दिसायचा.

हे सगळं कशासाठी, तर संकरित मुलींच्या पेशीतला एक चमत्कारिक मुकेपणा बघण्यासाठी.

रायबोसोम म्हणजे पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं. ती बनवायला लागणारे मोठे आरएनए, म्हणजे जनुकांच्या उतरवलेल्या प्रती, ज्या जनुकांवरून निघतात, ती एकटीदुकटी नसतात. मेलॅनोगास्टरच्या एक्स गुणसूत्रावर त्यांच्या साधारण २०० ते २५० प्रती एकामागोमाग एक रांगेत असतात, आणि वाय गुणसूत्रावर तशीच दुसरी रांग. प्रती फार कमी झाल्या की माशी सावकाश वाढते आणि तिच्या पाठीवरचे राठ केस आखूड, बारीक निघतात. या दोषाला 'बॉब्ड' म्हणतात. ही रांग कामाला लागली की तिच्याभोवती न्यूक्लिओलस तयार होतो, केंद्रकातला तो गडद गोळा. संकरित मुलीत एक एक्स मेलॅनोगास्टरचा, एक सिम्युलन्सचा, म्हणजे रांगा दोन. दोन्हींनी काम करावं अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मेलॅनोगास्टरची रांग चालते आणि सिम्युलन्सची गप्प बसते.

याला न्यूक्लिओलर डॉमिनन्स म्हणतात. रशियातल्या नावाशिनने १९२८ आणि १९३४ मध्ये क्रेपिस या रानटी फुलझाडाच्या संकरांत पाहिलं की एका पालकाच्या गुणसूत्रावरची ठरावीक खाच संकरात नाहीशी होते. ती खाच म्हणजे न्यूक्लिओलसची जागा, हे त्याच काळात बार्बरा मॅक्लिंटॉकच्या मक्यावरच्या कामातून स्पष्ट होत होतं. पुढे बेडकांत दिसलं, मोहरीच्या कुळातल्या झाडांत दिसलं, माणूस आणि उंदीर यांच्या पेशी एकत्र करून बनवलेल्या संकरपेशींतही दिसलं. माशांत १९७७ साल महत्त्वाचं. त्या वर्षी बिकुडो आणि रिचर्डसन यांनी ड्रोसोफिला मुलेरी आणि ॲरिझोनेन्सिस यांच्या संकरांत ते दाखवलं, आणि ड्युरिका व क्रायडर यांनी आमच्याच जोडीत, मेलॅनोगास्टर आणि सिम्युलन्समध्ये.

म्हणजे उत्तर मला आधीच ठाऊक होतं. माझं काम होतं ते आमच्या माशांत, आमच्या हातांनी पुन्हा दाखवणं, म्हणजे त्यापुढचे प्रश्न विचारता येतील. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या होत्या, "दोन महिन्यांचं काम आहे." लागले अकरा.

पद्धत कागदावर सोपी आहे. तयार झालेले रायबोसोमचे आरएनए दोन्ही प्रजातींत जवळजवळ अक्षरशः सारखे असतात आणि पेशीत कितीतरी दिवस टिकतात, त्यामुळे त्यांच्याकडे बघून काही कळत नाही. पण हे आरएनए आधी एका लांब, अखंड धाग्याच्या रूपात निघतात आणि मग मधले निरुपयोगी तुकडे कापून टाकले जातात. हे मधले तुकडे झटपट नष्ट होतात, आणि दोन प्रजातींत त्यांची अक्षरं बऱ्यापैकी वेगळी असतात. तेव्हा ते मोजले की या घडीला कोण बोलतंय ते कळतं. आम्ही अशा तुकड्यातली एक जागा धरली, जिथे अक्षराच्या फरकामुळे एक रेस्ट्रिक्शन एन्झाइम (ठरावीक अक्षरं दिसली की तिथेच डीएनए कापणारं) सिम्युलन्सचा तुकडा कापतं आणि मेलॅनोगास्टरचा कापत नाही. आरएनएवरून डीएनएची प्रत बनवायची, पीसीआरने तिच्या असंख्य प्रती काढायच्या, एन्झाइम घालायचं, आणि तुकडे लांबीप्रमाणे वेगळे व्हावेत म्हणून जेलवर पळवायचे. अखंड पट्टा दिसला तर मेलॅनोगास्टर, दोन छोटे पट्टे दिसले तर सिम्युलन्स.

पहिली ठेच आरएनए काढतानाच लागली, आणि ती निव्वळ अज्ञानाची होती. आरएनए चांगलं निघालं की नाही ते तपासणारं यंत्र नेहमी दोन उंच शिखरं दाखवतं, १८एस आणि २८एस, म्हणजे रायबोसोमचे दोन मोठे आरएनए. माझ्या नमुन्यात एकच शिखर. यंत्राने गुणही अगदी हलके दिले. आरएनए सडलं असं समजून मी पुन्हा काढलं, नवे हातमोजे, नव्या टिप्स, बाक पुसून लख्ख. पुन्हा एकच शिखर. तिसऱ्यांदा काढायला बसले तेव्हा सीनियर म्हणाला, "अगं, माशीचं २८एस मध्येच तुटलेलं असतं. गरम केलंस की दोन तुकडे होतात आणि दोन्ही १८एसच्या शेजारी जाऊन बसतात. यंत्राला माशी माहीत नाही." कीटकांत हा प्रकार सर्रास असतो म्हणे. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

दुसरी ठेच जास्त दिवस पुरली. संकरित मुलींच्या नमुन्यात सिम्युलन्सचे पट्टे दिसायला लागले, स्पष्ट, प्रत्येक वेळी. म्हणजे मुकी जनुकं बोलत होती! दोन दिवस मी मनातल्या मनात पेपर लिहिला. मग कंट्रोल पाहिला, ज्यात आरएनएची प्रत बनवणारं एन्झाइम घालतच नाहीत आणि जिथे काहीच दिसता कामा नये. तिथेही तेच पट्टे, थोडे फिकट. म्हणजे नमुन्यात डीएनए राहिला होता. एरवी एखाद्या साध्या जनुकाच्या बाबतीत इतका उरलासुरला डीएनए पचून जातो, कारण त्याच्या पेशीत दोनच प्रती. इथे प्रती शेकड्यांनी. डीएनएचा ठिपका जरी राहिला तरी तो गात सुटतो, आणि डीएनएत दोन्ही पालक हजर असतातच, मग जनुक बोलो वा न बोलो. मला जो आवाज ऐकू येत होता तो मुक्या माणसाच्या फोटोचा होता.

त्यावर औषध एकच, डीएनए खाऊन टाकणाऱ्या डीएनेज या एन्झाइमची प्रक्रिया एकदा सोडून दोनदा करणं, आणि तो रिकामा कंट्रोल सगळ्यात आधी बघणं. मी जेलच्या खाचांचा क्रमच बदलला: पहिल्या खाचेत तो कंट्रोल. तिथे काही दिसलं तर पुढचं बघायचंच नाही, जेल कचऱ्यात. हा नियम करायला सोपा आणि पाळायला जड, कारण पुढच्या खाचेत हवं ते दिसत असतं.

आणि मग ते सुंदर जेल आलं.

कंट्रोल रिकामा. शुद्ध मेलॅनोगास्टर, अखंड पट्टा. शुद्ध सिम्युलन्स, दोन छोटे पट्टे. दोघांचं आरएनए समसमान मिसळलेलं, तिन्ही पट्टे. आणि संकरित अळी: फक्त अखंड पट्टा. सिम्युलन्सचा मागमूस नाही. या वेळी मी नमुने एकेका अळीचे घेतले होते, म्हणजे सरासरीत काही लपू नये. सहा अळ्या, सहाही सारख्या. मी जेलचा फोटो प्रिंट करून मॅडमच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी चष्मा वर सरकवला, बघितलं, आणि विचारलं, "जीनोमिक कुठंय?" म्हणजे आरएनएऐवजी त्याच अळ्यांच्या डीएनएवर केलेली हीच तपासणी.

"ते नंतर लावणार होते, मॅडम."

"आधी लाव. मग बोलू. आणि या अळ्या नर होत्या की मादी?"

मला उत्तर देता आलं नाही. अळीचं लिंग मी बघितलंच नव्हतं. संकरात मुलगे मरतात हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की व्हायलमध्ये आहेत त्या मुलीच, असं धरून चालले होते. पण मुलगे मरतात ते अळी मोठी झाल्यावर. अळ्यांच्या गर्दीत ते असतातच. एवढंच नाही, मुली वेळेवर कोषात जातात आणि मुलगे मात्र अळी होऊन रेंगाळत राहतात. मी अळ्या उचलल्या त्या उशिरा, व्हायलच्या काचेवर मोठमोठ्या, संथ अळ्या फिरत होत्या तेव्हा. उचलायला सोप्या म्हणून.

पुढचं लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला. या क्रॉसमधल्या मुलाला एक्स आईकडून मिळतो, मेलॅनोगास्टरचा. वाय बापाकडून, सिम्युलन्सचा. आणि सिम्युलन्सच्या वायवर रायबोसोमच्या आरएनएची जनुकं नसतातच. मेलॅनोगास्टरच्या वायवर असतात, सिम्युलन्सच्या वायवर नाहीत. तिथे दोन जनुकांच्या मधल्या जागेतल्या छोट्या, २४० अक्षरांच्या तुकड्यांच्या पुनरावृत्तीचा ढीग तेवढा आहे. घर पडून गेलं, कुंपण तेवढं उरलं. (त्या कुंपणाचाही उपयोग होतो. शुक्रपेशी बनताना एक्स आणि वाय एकमेकांना धरतात ते या तुकड्यांच्याच आधाराने.) तेव्हा त्या मुलांत सिम्युलन्सची जनुकं गप्प नव्हती. ती गैरहजर होती. जेलवर दोन्हींचं चित्र एकच.

जीनोमिक लावलं. त्याच नमुन्यांच्या उरलेल्या थरातून डीएनए काढता येतो, तसा काढला. सहापैकी पाच अळ्यांच्या डीएनएत सिम्युलन्सचा पट्टाच नव्हता. पाच नर. सहावी एकटी मुलगी, तिच्या डीएनएत तिन्ही पट्टे आणि आरएनएत एकच. म्हणजे माझ्या सहा सुंदर खाचांपैकी खरी एक.

त्या दिवशी मी अळीचं लिंग ओळखायला शिकले. अळी थेंबभर पाण्यात उताणी-पालथी करून खालून उजेड सोडायचा. शरीराच्या मागच्या भागात, पांढऱ्या चरबीच्या पट्ट्यात, दोन्ही बाजूंना एकेक स्वच्छ, पारदर्शक गोल खिडकी दिसली तर नर, तो वृषण. मादीत त्या जागी फारच बारीक ठिपका, बहुधा दिसतही नाही. पहिल्या पन्नास अळ्यांना डोळे दुखतात. मग खिडकी आपोआप दिसायला लागते. संकरित नरात ती जरा लहान असते, त्यामुळे शंका आली की अळी बाजूला ठेवायची, मोजायची नाही.

पुढच्या फेरीत सगळ्या मादी अळ्या, प्रत्येकीचं डीएनए आणि आरएनए दोन्ही. डीएनएत तिन्ही पट्टे, आरएनएत अखंड एक. मग मिश्रणाची शिडी लावली: सिम्युलन्सचं आरएनए निम्मं, पाव, दशांश, त्याहून कमी. दशांशापर्यंत छोटे पट्टे नीट दिसायचे, त्याखाली माझे डोळे आणि कॅमेरा दोघंही डळमळीत. म्हणून मी वहीत 'मुकी' असं लिहिलं नाही. 'दशांशाहून कमी' असं लिहिलं. शिवाय या पद्धतीचा आणखी एक खोडसाळपणा आहे: पीसीआरच्या शेवटच्या फेऱ्यांत दोन प्रजातींचे धागे एकमेकांशी जुळून बसतात आणि अशा मिश्र जोडीला एन्झाइम कापत नाही. म्हणजे अल्पसंख्य बाजू आहे त्याहून कमी दिसते. फेऱ्या कमी ठेवल्या तर हे बरंच टळतं, पण मग पट्टे फिके येतात. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. मी फिके पट्टे पत्करले.

एवढं झाल्यावरही मला समाधान नव्हतं, कारण जेल कितीही स्वच्छ असलं तरी ते हजारो पेशींचा एकत्र केलेला रस्सा आहे. गुणसूत्रं डोळ्यांनी बघायची होती.

हा भाग मला सगळ्यात आवडला, म्हणून थोडं सविस्तर. तिसऱ्या अवस्थेतली मादी अळी मिठाच्या पातळ पाण्यात घ्यायची. एका चिमट्याने तोंडाचा काळा आकडा धरायचा, दुसऱ्याने मधलं शरीर, आणि सावकाश ओढायचं. तोंडाबरोबर मेंदू बाहेर येतो, दोन पारदर्शक मण्यांसारखा, खाली मज्जारज्जूचं शेपूट. चिकटलेल्या चकत्या (ज्यांचे पुढे पंख-पाय होतात), लाळग्रंथी काढून टाकायच्या. मग सोडियम सायट्रेटच्या पातळ द्रावणात दहा मिनिटं. यात पेशी पाणी पिऊन फुगतात आणि गुणसूत्रं एकमेकांपासून सुटतात. एक मिनिट कमी पडलं तर गुणसूत्रांची गुंडाळी, जास्त झालं तर पेशी फुटून गुणसूत्रं स्लाइडभर. मग ॲसिटिक ॲसिड, वर कव्हरस्लिप, टिपकागदाची घडी, आणि अंगठ्याने दाब. हा दाब कोणी शिकवू शकत नाही. कव्हरस्लिप बाजूला सरकली की सगळं गेलं, सरळ खाली दाबला तरच पेशी चपट्या होतात. माझ्या पहिल्या वीस स्लाइडींत निम्म्या कव्हरस्लिपा तडकल्या. दाबून झालं की स्लाइड द्रव नायट्रोजनमध्ये, बुडबुडे थांबले की बाहेर काढून ब्लेडच्या टोकाने कव्हरस्लिप एका झटक्यात उडवायची.

पेशी विभागताना गुणसूत्रं आवळून आखूड होतात, त्या अवस्थेला मेटाफेज म्हणतात. मेटाफेजमधल्या गुणसूत्रावर रायबोसोमची रांग आधीच्या काळात काम करत असेल, तर तिथले प्रथिनांचे घटक चिकटून राहतात आणि ती जागा पुरती आवळली जात नाही. तिथे बारीक, फिकट खाच दिसते. नावाशिनला झाडात जी नाहीशी झालेली दिसली होती, तीच. गप्प बसलेली रांग आवळली जाते, खाच मिटते. आता प्रश्न, संकरित मुलीच्या दोन एक्सपैकी कोणता कोणाचा? त्यावर एक छान सोय आहे. मेलॅनोगास्टरच्या एक्सवर, रायबोसोमच्या रांगेजवळच्या हेटेरोक्रोमॅटिनमध्ये (गुणसूत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या भागात), ३५९ अक्षरांच्या तुकड्याची हजारो वेळा पुनरावृत्ती झालेला एक मोठा पट्टा आहे. सिम्युलन्समध्ये असा पट्टा नाही. त्या तुकड्याला चमकणारा प्रोब, म्हणजे नेमका त्यालाच चिकटणारा डीएनएचा तुकडा, लावला की मेलॅनोगास्टरचा एक्स स्वतःहून हात वर करतो. गंमत म्हणजे हाच पट्टा उलट्या क्रॉसमधल्या मुलींचा काळ ठरतो. फेरी आणि बार्बाश यांनी २००९ मध्ये दाखवलं की सिम्युलन्स आईच्या अंड्यात हा पट्टा पेशी विभागताना नीट सुटत नाही, ताणला जातो, आणि भ्रूण तिथेच कोलमडतो. एका दिशेने मारेकरी, दुसऱ्या दिशेने आमचा वाटाड्या.

पहिली चांगली पेशी सापडली ती दुपारी, जेवणाची वेळ टळून गेल्यावर. प्रोबचा हिरवा ठिपका असलेला एक्स, त्याच्या शेजारी स्पष्ट खाच, जणू दोऱ्याने आवळलेली. दुसरा एक्स, ठिपका नाही, सगळीकडून गुळगुळीत. मी फोकस वर-खाली करत राहिले. खाच नव्हतीच. ती पेशी स्टेजवरून हलवू नये म्हणून मी कोणाला बोलवायलाही उठले नाही, तिथूनच हाका मारल्या.

कारण काय, हे विचारलं तर आजही दोन गट आहेत. जुनं स्पष्टीकरण असं की एका प्रजातीची यंत्रणा दुसऱ्या प्रजातीच्या जनुकाची सुरुवात ओळखत नाही. माणूस-उंदीर इतक्या लांबच्या नात्यात ते पटतं. पण मेलॅनोगास्टर आणि सिम्युलन्स ही तर सख्खी भावंडं. ड्युरिका आणि क्रायडर यांनी १९७८ मध्ये एक्सच्या हेटेरोक्रोमॅटिनमधल्या भागांकडे बोट दाखवलं, म्हणजे जनुकापेक्षा त्याच्या शेजाराकडे. मोहरीच्या कुळातल्या संकरांत चेन आणि पिकार्ड यांनी १९९७ मध्ये मिथाइलेशन (डीएनएवर लागणारी, जनुक गप्प करणारी रासायनिक खूण) अडवणारं औषध देऊन मुकी जनुकं बोलती केली. मी उत्साहाने मॅडमना म्हटलं, आपणही देऊन बघूया का? त्या हसल्या. माशीच्या डीएनएत मिथाइलेशन जवळपास नसतंच. ती वाट माशीला बंद आहे, तिने गप्प करायची दुसरी युक्ती शोधलेली आहे.

माझं मत शेजाराच्या बाजूने झुकलं, आणि त्याला कारण संकर नव्हताच. ग्राइल आणि अहमद यांनी २०१२ मध्ये दाखवलं की शुद्ध मेलॅनोगास्टरच्या नरात, जिथे परका कोणीच नाही, वायवरची रांग चालते आणि एक्सवरची गप्प असते. म्हणजे संकरात जे आजारपण वाटत होतं ते माशीचं रोजचं वागणं निघालं. हे वाचलं तेव्हा मी माझ्या स्लाइडींच्या पेटीतून साध्या नर अळ्यांच्या स्लाइडी काढल्या. मी त्या केवळ दाबाचा सराव म्हणून केल्या होत्या आणि बघितल्याही नव्हत्या. बऱ्याच पेशींत वायवर खाच, एक्स गुळगुळीत. काहींत दोन्हींवर.

त्या काही पेशींचं काय करायचं हे मला कळेना, म्हणून मॅडमना दाखवायला गेले. त्यांनी आयपीसला डोळा लावला, आणि लावतानाच विचारलं, "नर आहे ना नक्की?"

"खिडकी बघितली आहे," मी म्हटलं. "दोन्ही बाजूंची."